बॅलेच्या रचना लक्षात राहाव्यात म्हणून

बॅले शिकायला लागले तेव्हा माझी पस्तिशी उलटली होती. बाई रचना, म्हणजे ओळीने करायची पावलं, एकदाच दाखवायच्या आणि पियानो सुरू होताच माझी पाटी कोरी! समोरचीचे पाय बघून नाचायचे. ती चुकली की मीही चुकायचे.

पहिलं काम शब्दांचं. बॅलेची भाषा फ्रेंच आहे आणि नावातच हालचाल असते. प्लिए म्हणजे वाकलेलं, तांदू म्हणजे ताणलेलं : पाय जमिनीवरून सरकवत ताणायचा आणि परत आणायचा. ‘आं क्रुआ’ म्हणजे क्रूसासारखं : पुढे, बाजूला, मागे, पुन्हा बाजूला. एवढं कळलं की चार सुट्या गोष्टींऐवजी एकच लक्षात ठेवायची.

बाई दाखवत असताना नुसतं बघू नका, तळहातांनी पावलं गिरवा आणि आठ मात्रा पुटपुटा. उजवी बाजू झाली की लगेच डावी हातांनी करून घ्या. माझी गाडी कायम तिथेच अडायची.

तंत्र मात्र घाईने बसत नाही. तांदू पुढे करताना माझं पाऊल आत वळायचं. बाईंनी खाली बसून टाचेला बोट लावलं : ‘जाताना टाच पुढे, येताना बोटं आधी.’ तो स्पर्श अजून आठवतो. अशी एकच दुरुस्ती घरी वहीत लिहा, स्वतःच्या शब्दांत. दहा लिहिल्या तर एकही टिकत नाही. पुढच्या वर्गाआधी ती वाचा आणि आरशाकडे पाठ करून, अगदी सावकाश, आठ तांदू करा.