"दादा, कालपर्यंत मस्त चालत होतं!" वॉशिंग मशीनच्या या चुका टाळा

फोन उचलला की पहिलं वाक्य ठरलेलं. "दादा, कालपर्यंत एकदम मस्त चालत होतं हो." २१ वर्षं परळ ते मुलुंड मशीनं उघडतोय. न सांगता मेलेलं मशीन क्वचितच बघितलंय. बिचारं महिनोन्‌महिने बोंबलत असतं.

आवाज ऐकून न ऐकल्यासारखं करणं

भांडुपच्या एका काकूंचं फ्रंट लोड, वय ५ वर्षं. पिळताना विमान उडाल्यासारखी घरघर. आधी त्यांनी बाथरूमचं दार लावून घ्यायला सुरुवात केली. खालच्या मजल्यावरचे तक्रार घेऊन आले, तेव्हा मशीनखाली सतरंजी दुमडून घातली. मुलाच्या पांढऱ्या शर्टावर तपकिरी डाग पडले, तर पावडर बदलली. मला बोलावलं ते दाराचं रबर फाटून पाणी हॉलपर्यंत आलं तेव्हा.

झालं होतं असं. ड्रमच्या शाफ्टवरचं, म्हणजे दांड्यावरचं, पाणी अडवणारं ऑइल सील झिजलं, पाणी बेअरिंगमध्ये शिरलं, ग्रीस धुऊन गेलं, गोळ्या गंजल्या. शर्टावरचे डाग त्याच गंजाचे. बेअरिंग सैल झाल्यावर ड्रम डुगडुगला, त्याने शाफ्ट खाल्ला, रबरही फाडलं. पहिल्या घरघरीला बोलावलं असतं तर एक सील आणि दोन बेअरिंग बदलून काम भागलं असतं. ६२०५, ६२०६ असल्या नंबरांची बेअरिंग बाजारात कुठेही मिळतात. पण काकूंच्या मशीनचा टब, म्हणजे ड्रमभोवतीचं बाहेरचं भांडं, कारखान्यातच जोडून बंद केलेला. आतलं बेअरिंग हवं तर अख्खा टब ड्रमसकट बदला, म्हणजे नव्या मशीनच्या निम्म्याहून जास्त खर्च.

"अहो, पण मोटरवर १० वर्षांची वॉरंटी आहे ना?"

आहे की. मोटर ठणठणीत होती, काकू. ती बहुतेक वेळा ठणठणीतच असते, म्हणून तर एवढी वॉरंटी देतात. जातं ते बेअरिंग, पाणी फेकणारा पंप आणि पीसीबी, म्हणजे मशीन चालवणारं इलेक्ट्रॉनिक कार्ड. दुकानात त्यांचं विचारा. टब स्क्रूने उघडतो की नाही हेही विचारा. सेल्समन गोंधळला तर मला फोन करा, पण पैसे भरायच्या आधी. युरोपात २०२१ पासून मशीनचे सुटे भाग किमान १० वर्षं मिळायला हवेत असा नियमच आहे. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, तेवढं तरी खरेदीआधी उघडून बघा.

घरच्या घरी परीक्षा करायची तर प्लग काढा, दार उघडा, ड्रमची वरची कड हाताने उचला. ड्रम आणि बाहेरचा टब एकत्र हलले तर चिंता नाही, ते स्प्रिंगवर टांगलेलेच असतात. ड्रम एकटा टकटक वाजला तर बेअरिंग गेलं. मी स्वतः दर गणपतीला, सजावटीचे पडदे धुवायच्या आधी, एवढं करतो.

मूठभर पावडर

मुंबईत तानसा, भातसाचं धरणाचं पाणी येतं, ते मऊ, म्हणजे कमी क्षारांचं. त्यात थोड्या पावडरीतही भरपूर फेस होतो. तरी लोक बादलीत भिजवायची पावडर फ्रंट लोडमध्ये मुठीने ओततात. तो फेस ड्रमच्या मागे साचतो. ड्रम स्टीलचा, पण त्याला धरणारा तीन हातांचा स्पायडर ॲल्युमिनियमचा. तो हळूहळू पोखरला जातो आणि एक दिवस हात तुटतो. डब्यावर लिहिलंय त्याच्या निम्मी पावडर मला पुरते. महिन्यातून एकदा गरम पाण्यावर मशीन रिकामं फिरवतो. पाणी टँकरचं किंवा बोअरचं असेल तर गोष्ट वेगळी, ते बरेचदा जड असतं. तिथे डीस्केलर, म्हणजे साचलेले क्षार काढणारी पावडर, वापरा.

बाकीचं पटापट. पाणी फेकणाऱ्या पंपाचा फिल्टर महिन्याला उघडा. मला त्यात चिल्लर, हेअरपिना आणि एकदा मंगळसूत्राची वाटी मिळाली आहे. पाणी हळू भरत असेल तर पाणी आत घेणाऱ्या व्हॉल्व्हच्या तोंडाची जाळी साफ करा, मग दाब वाढवणारा पंप लावायचं बघा. पावसाळ्यात धुणं झालं की दार उघडं ठेवा. खालून उंदीर शिरतात, जाळी लावून घ्या. चाकांचा स्टँड घेऊ नका. का ते विचारूही नका.

बोल्ट न काढता "जरा चालवून बघूया"

प्रभादेवीला नवं मशीन संध्याकाळी आलं. लावणारा माणूस दुसऱ्या दिवशी येणार होता, पण घरात इंजिनिअरिंगला जाणारा भाचा. त्याने मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ बघून पाइप जोडला, बटण दाबलं. प्रवासात ड्रम हलू नये म्हणून मागे बोल्ट कसलेले असतात, बहुतेक चार. ते तसेच. पिळायला लागल्यावर मशीन थयथय नाचत सरकलं ते थेट बाथरूमच्या दाराला आतून टेकलं. दार आत उघडणारं, प्लग आत, घरातले सगळे बाहेर. शेवटी मेन स्विच पाडला आणि दार सुताराकडून काढवलं. नव्याकोऱ्या मशीनचे शॉकॲब्सॉर्बर पहिल्याच दिवशी बदलले. आणि ही घाई कशासाठी? दोन चादरींसाठी.

काढलेले बोल्ट फेकू नका, घर बदलताना तेच परत कसायचे असतात. स्क्रू-खिळ्यांच्या डब्यात टाकलेत तर गेलेच समजा. माझ्या घरी ते पिशवीत घालून मशीनच्या पाठीलाच चिकटपट्टीने चिकटवलेत.