बाराबोरी घेताना

आमच्याकडे सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाचा परवाना पुष्कळांकडे असतो, बंदुकीची जाण मात्र मोजक्यांना. जुनी दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची बाराबोरी बंदूक, घ्यायची तर आधी मोडून, म्हणजे बिजागरीवर उघडून, दोन्ही घरं (काडतूस बसतं त्या जागा) रिकामी आहेत हे डोळ्यांनी बघा, बोटानंही चाचपा. मग नळी उजेडाकडे धरून आतून पाहा. गोल सावली कुठे तुटलेली दिसली तर तिथं चेप आहे. नळी बंद करून हलवा. खुळखुळ वाजली तर सोडा.

छर्र्याचा नंबर वाढला की छर्रा बारीक होतो, इथंच नवखे फसतात. काडतुसाची लांबी नळीवर कोरलेल्या मापापेक्षा जास्त नको: ६५ मिलिमीटरच्या घरात ७० चं घालायचं नाही. आणि वीस बोराचं, म्हणजे बाराहून बारीक, काडतूस बाराच्या काडतुसांच्या खिशात कधीच नको. ते घरातून पुढं सरकून नळीत अडकतं, मागून बाराचं आरामात बसतं, आणि चाप ओढला की नळी फाटते, हातासकट.

बार उडाला नाही तर लगेच मोडू नका. तोंड सुरक्षित दिशेला ठेवून अर्धा मिनिट थांबा. बांधावरून उतरताना नळीत चिखल गेला का, तेही बघा. माझ्या एकदा गेला होता. गवताची काडी घालून पाहिलं म्हणून कळलं.

परवाना बंदुकीचा आहे, शिकारीचा नव्हे. डुकरासाठी वनखात्याची परवानगी लागतेच. निवडणुकीत बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायला सांगितली, तर परत घेताना नळी पुन्हा उजेडाकडे धरा.