भीड सोडून स्वतःच्या हिताची वही कशी लिहावी

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात मी एकोणीस वर्षं कीर्द लिहिते. आधी हातानं लिहायचे, आता कॉम्प्युटरवर. दिवसभर दुसऱ्यांचा जमाखर्च पैशापैशानं जुळवायचा आणि स्वतःच्या आयुष्याचा कशाला कशाचा मेळ नाही, अशी माझी बरीच वर्षं गेली. २०१४ साली मावसभावाच्या कर्जाला जामीन राहिले. "अक्का, नुसती सही हाय गं," म्हणाला. त्याचे हप्ते थकले आणि माझ्या पगारातून महिन्याला ४,२०० रुपये कापायला सुरुवात झाली. ३१ महिने. १,३०,२०० रुपये. ही सही मला करायची नाही, हे पेन हातात घेतानाच मला पक्कं ठाऊक होतं. तरी केली. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, ती दर महिन्याला माझ्या पगारचिठ्ठीवर दिसायची.

त्याच काळात विवेकी स्वार्थाचा विचार माझ्या वाचनात आला. तो मांडणाऱ्या लेखिका आयन रँड १९०५ साली रशियात, सेंट पीटर्सबर्गला जन्मल्या. क्रांतीनंतर त्यांच्या वडिलांचं औषधांचं दुकान सरकारनं काढून घेतलं. १९२६ साली त्या अमेरिकेला गेल्या आणि शेवटपर्यंत तिथंच राहिल्या. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: आपलं सुख हा जगण्याचा रास्त हेतू आहे, पण ते विचार करून, कष्टानं मिळवायचं. त्यासाठी कुणाचा बळी द्यायचा नाही आणि कुणासाठी आपलाही द्यायचा नाही. माणसामाणसांतला न्याय कसा असावा हे सांगायला त्यांनी व्यापाऱ्याचं उदाहरण घेतलं. तो फुकट मागत नाही, जबरदस्ती करत नाही, मोलाला मोल देतो. हे मी यार्डातच, दुपारच्या डब्यानंतर वाचलं. समोर सौदे चालले होते, त्यामुळं मला ते फार लवकर समजलं.

मी जे केलं ते सांगते. तुम्हीही करून बघा.

एक लांब वही घ्या. पंधरा दिवस रोज रात्री झोपण्याआधी दिवसाचे तास लिहा. प्रत्येक नोंदीपुढं तीनपैकी एक अक्षर टाका. मी ठरवून केलं असेल तर 'ठ', सवयीनं केलं असेल तर 'स', भिडेखातर केलं असेल तर 'भ'. या पंधरा दिवसांत काहीच सुधारू नका, कारण सुधारायला लागलात की नोंद खोटी होते. माझ्या पहिल्या आठवड्यात 'भ' एकवीस वेळा आला. नणंदेच्या सोसायटीची पत्रं लिहून देणं, शेजारणीच्या भिशीचा हिशोब, फोनवर पाऊण पाऊण तास कुणाची तरी गाऱ्हाणी. 'ठ' चार वेळा. त्यातले दोन तर अंघोळ आणि देवपूजा.

मग वहीच्या शेवटच्या पानावर तुम्हाला मोलाच्या वाटणाऱ्या पाच गोष्टी लिहा आणि त्यांना क्रम लावा. सहावी नको. सगळ्यात जास्त वेळ इथं द्या, कारण आपण लिहितो त्यातल्या निम्म्या गोष्टी आपल्या नसतातच.

त्या कशा ओळखायच्या, तर खरेदीदार हळद कशी बघतो ते आठवा. पॉलिश केलेलं हळकुंड वरून सगळं सारखंच पिवळं दिसतं. तो वरच्या रंगावर जात नाही. ढिगातून एक उचलतो, दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरतो आणि मोडतो. नीट वाळलेलं असेल तर कट्‌कन खणखणीत आवाज येतो, ओलसर असेल तर ते वाकतं. मग मोडलेल्या जागी आतला गाभा बघतो, केशरी आहे की फिका. आपली प्रत्येक इच्छा अशी मोडून बघायची. माझ्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर 'विश्रामबागेत फ्लॅट' होता. मी स्वतःला विचारलं, हे घर कुणालाच कधी दिसणार नसेल, कुणाला कळणारही नसेल, तरी मला हवंय का? उत्तर आलं, नाही. सांगलीवाडीतलं घर मला आवडतं, नदीचा वारा येतो. फ्लॅट जावेला दाखवायला हवा होता. तो खोडला. पाचव्या क्रमांकावर भीत भीत लिहिलं होतं, 'कराचं काम शिकणं.' तोच प्रश्न विचारला. कुणाला कळलं नाही तरी शिकायचं होतं. ते वर गेलं.

क्रम लागला की 'त्याग' या शब्दाचा घोळ सुटतो. रँडबाईंच्या हिशोबात जास्त मोलाची वस्तू कमी मोलाच्या वस्तूसाठी सोडणं म्हणजे त्याग. मुलीच्या डिप्लोमासाठी मी दोन तोळ्यांच्या पाटल्या मोडल्या. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, आईच ती, केवढा त्याग! मला पाटल्यांपेक्षा लेकीचं शिक्षण कितीतरी मोठं होतं, मग मी सोडलं काय? उलट जामिनाची सही हा खरा त्याग होता. तिथं मी घराची शिल्लक देऊन 'अक्का लई चांगली' एवढं वाक्य घेतलं.

आता नकार. याची तोंडानं तालीम करावी लागते, मनात ठरवून भागत नाही. माझं वाक्य आहे, "नाही जमायचं मला." पुढं कारण जोडू नका. कारण दिलंत की समोरचा ते सोडवायला बसतो. वेळ नाही म्हटलं की तो म्हणतो, रविवारी कर. वडीलधाऱ्यांशी आवाज मऊ ठेवा, शब्द तेच ठेवा. "आत्याबाई, नाही जमायचं मला, चहा टाकते." पहिल्या दोन-तीन वेळी छाती धडधडते, रात्री झोप लागत नाही. हे होतंच. घरात कुणी बोलेनासं झालं तर घाईनं समजूत घालायला जाऊ नका. मी एकदा गेले आणि पत्रं पुन्हा माझ्याच गळ्यात आली.

मोकळा झालेला वेळ रिकामा ठेवलात तर तो कुणीतरी नेतोच. मी सकाळी सहा ते साडेसात हा वेळ कराच्या कामाला दिला. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला तेव्हा यार्डात सगळ्यांचीच तारांबळ उडाली होती. मी अडतीस वर्षांची होते. पहिलं रिटर्न भरायला मला तीन दिवस लागले आणि ते जुळलं त्या रात्री जो आनंद झाला तो मला कुठल्या लग्नात, कुठल्या दागिन्यानं झालेला नव्हता. आज नोकरी सांभाळून अकरा दुकानांची रिटर्नं भरते. पैसे सगळ्यांकडून घेते, नातेवाइकांकडूनही. त्यामुळं मनात कुणाबद्दल कडवटपणा साठत नाही.

व्यापाऱ्याचा नियम आपल्यालाही लागू आहे, हे मात्र विसरू नका. मी शेजारणीकडून मुलीला फुकट गणित शिकवून घेत होते. वही लिहायला लागल्यावर ते मला टोचलं. मागच्या वर्षभराची फी एका पाकिटात घालून नेऊन दिली. मन मानेल तसं वागणं आणि दुसऱ्याच्या जिवावर जगणं, यांना विवेकी स्वार्थ म्हणत नाहीत.

मग अडल्यानडल्याला मदत करायचीच नाही का, असं मला नेहमी विचारतात. ऑगस्ट २०१९ मध्ये महापुरात सांगलीवाडी बुडाली. आम्ही विश्रामबागेत दिराकडं होतो. भावोजींच्या गच्चीवर मी आठ दिवस पोळ्या लाटल्या, नावही माहीत नसलेल्या लोकांसाठी. वहीत त्यापुढं 'ठ' आहे. हे गाव माझं आहे, मला ते उभं राहायला हवं होतं. संकटात स्वखुशीनं मदत करायला रँडबाईंचीही ना नाही. मात्र मदत हेच माणसाचं पहिलं कर्तव्य, हे त्यांना मान्य नाही आणि मलाही नाही.

दर तीन महिन्यांनी पुन्हा एक आठवडा नोंदी करा. माझे 'भ' अजून येतात, आठवड्याला तीन-चार. शून्य होण्याची वाट बघत बसू नका.

मागच्या पाडव्याला मावसभाऊ पुन्हा आला. ट्रॅक्टरच्या कर्जाला जामीन हवा होता. मी म्हटलं, नाही जमायचं मला. तो चहा अर्धा टाकून उठला आणि चार महिने बोलला नाही. मग त्याच्या पोरीला घेऊन आला. बीकॉम झालीय, तुझ्या हाताखाली शिकव म्हणाला. मी तिलाच विचारलं, फी देशील का? ती म्हणाली, "आत्या, पैसे नाहीत, पण तुमची बिलं चढवून देते." आता ती रोज दोन तास बिलं चढवते आणि मी तासभर शिकवते. गेल्या आठवड्यात तिनं माझ्या एका रिटर्नमधली चूक काढली.