तळ्याकाठचे चार कारखाने: गेम थिअरीतून प्रदूषण अभ्यासताना

गणितात पदव्युत्तर शिक्षण घेऊन मी गेम थिअरीतून, म्हणजे एकाचा फायदा इतरांच्या निर्णयांवरही अवलंबून असतो अशा परिस्थितींच्या गणितातून, प्रदूषणाच्या प्रश्नांकडे वळले, तेव्हा समीकरणं सोडवता येतात म्हणजे बाकीचं जमेलच, अशी माझी समजूत होती. पहिलं वर्ष त्याच समजुतीत गेलं. कोणताही प्रश्न समोर आला की मी दोन बाय दोनचा तक्ता (दोन खेळाडू, प्रत्येकाचे दोन पर्याय आणि त्यांतून मिळणारे फायदे) आखायचे, त्यात ‘कैद्यांचा पेच’ हा प्रसिद्ध खेळ बसवायचे आणि ‘प्रत्येक जण स्वतःपुरतं बघतो, म्हणून सगळ्यांचं नुकसान होतं’ असं लिहून मोकळी व्हायचे. एकदा मार्गदर्शक मॅडमनी तक्त्यावर बोट ठेवून विचारलं, “हे आकडे कुठून आले?” ते मीच भरले होते, आणि भरताना उत्तर डोक्यात आधीच ठरलेलं होतं.

आता माझ्याकडे कुणी नवीन विद्यार्थी आला, की मी त्याला सुरुवातीला तक्ता आखूच देत नाही. आकडे कुठल्या तरी कारणातून निघायला हवेत. मी ज्या उदाहरणावर शिकले ते इथे सगळंच्या सगळं देते. कागद-पेन घ्या आणि सोबत करा.

एका तळ्याभोवती चार कारखाने आहेत. प्रत्येक जण तळ्यात सांडपाणी सोडतो आणि त्याच तळ्याचं पाणी वापरतो. सांडपाणी सोडल्याने होणारा फायदा असा धरा: सोडलेल्या एककांची दहापट, वजा त्यांच्या वर्गाचा निम्मा. चौघांचं मिळून जितकी एककं सांडपाणी तळ्यात जाईल, तितक्या एककांचं नुकसान प्रत्येकाला सोसावं लागतं. स्वतःपुरता हिशेब केला तर प्रत्येक जण ९ एककं सोडतो. तळ्यात ३६ जातात आणि प्रत्येकाच्या हाती १३.५ उरतात. चौघांनी मिळून हिशेब केला तर प्रत्येकी ६ एककं निघतात, एकूण २४, आणि प्रत्येकाला १८ मिळतात. आता तिघं ६ वर थांबले आणि एकाने गुपचूप ९ सोडली, तर त्याला २२.५ मिळतात आणि बाकी तिघांना १५. इतरांनी काहीही केलं तरी ९ सोडणंच प्रत्येकाच्या सोयीचं ठरतं. गणितज्ञ जॉन नॅश यांनी १९५० मध्ये ज्या समतोलाची कल्पना मांडली (एकट्याने निर्णय बदलून कुणाचाच फायदा होत नाही अशी स्थिती), तो इथे चौघांनी ९-९ सोडण्याचा आहे.

हाच खेळ न संपता पुन्हा पुन्हा खेळला जाणार असेल, आणि एकाने फसवलं की उरलेले कायमचे ९ वर जाणार असतील, तर सहकार्य टिकू शकतं. त्यासाठी उद्याच्या एका रुपयाची किंमत आज निदान पन्नास पैसे वाटायला हवी. मात्र त्यात एक अट दडलेली आहे, आणि ती माझ्या नजरेतून बराच काळ सुटली होती: फसवणूक इतरांना दिसली पाहिजे. तळ्यातलं पाणी गढूळ झालं हे सगळ्यांना दिसतं, पण कुणाच्या नळीतून झालं ते दिसेलच असं नाही. त्यात पाऊस, गाळ, तापमान यांनीही पाण्याची प्रत बदलते. मग शिक्षा कुणाला करायची?

आता करार. चौघांनी करार केला आणि एक बाहेर पडला, तर उरलेले तिघं आपापसात हिशेब करून ७-७ सोडतात आणि बाहेरचा ९. बाहेरच्याला १९.५ मिळतात, म्हणजे करारात राहून मिळणाऱ्या १८ पेक्षा जास्त. चौघांचा करार मोडतो. तिघांच्या करारात प्रत्येकाला १५.५ मिळतात, आणि त्यातून बाहेर पडणाऱ्यालाही १५.५च. तो जेमतेम टिकतो. याच रचनेत चारऐवजी शंभर कारखाने घातले तरी टिकणारा गट तिघांचाच राहतो. हे मी पहिल्यांदा हाताने करून पाहिलं त्या रात्री मला झोप लागली नाही. आंतरराष्ट्रीय पर्यावरण करारांवर १९९० च्या दशकात कार्लो कारारो, दोमेनिको सिनिस्काल्को आणि स्कॉट बॅरेट यांनी जे काम केलं, त्याच्या मुळाशी हाच हिशेब आहे.

पण ओझोनच्या थराला वाचवण्यासाठी १९८७ मध्ये झालेला माँट्रियल करार टिकला, आणि २००९ पर्यंत जगातल्या सगळ्या देशांनी त्याला मान्यता दिली. हे कसं? त्या करारात, बाहेर राहणाऱ्या देशांशी संबंधित रसायनांचा व्यापार करायचा नाही अशी तरतूद होती. बाहेर राहणंच तोट्याचं झालं. मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं, कारण तिथे लोकांचा स्वभाव बदलावा लागला नाही. नियम बदलले आणि खेळ वेगळा झाला. समोरच्या प्रश्नात नेमका कुठला खेळ चालू आहे हे ओळखण्यात या कामाचे बहुतेक दिवस जातात, आणि ते तसेच जायला हवेत.

माझी सर्वांत मोठी चूक मात्र काळ या घटकापाशी झाली. प्रदूषण साचतं, मासे वाढतात, भूजल हळूहळू भरतं. त्यामुळे साठा किती वेगाने बदलतो हे सांगणारं अवकल समीकरण येतं आणि खेळ डिफरन्शियल गेम, म्हणजे काळानुसार सतत चालणारा खेळ, होतो. दोन खेळाडूंचं असं एक मॉडेल मी सोडवलं आणि लेख पाठवला. तो परत आला. परीक्षकाचा आक्षेप एकाच ओळीचा होता: खेळाडूंना साठा दिसतो, तर ते त्याकडे बघून निर्णय का घेत नाहीत?

मी दोघांकडूनही पहिल्याच दिवशी संपूर्ण वेळापत्रक ठरवून घेतलं होतं. त्याला ओपन लूप म्हणतात. साठा बघून दर क्षणी निर्णय घेण्याला फीडबॅक. सोडवायला पहिला प्रकार सोपा, म्हणून मी तो घेतला होता. दुसरं काहीही कारण नव्हतं. दोन्हींची उत्तरं वेगळी येतात. फीडबॅकमध्ये मी आज उत्सर्जन कमी केलं तर साठा घटतो, समोरच्याला तो घटलेला दिसतो आणि तो जरा जास्त सोडतो. माझा संयम काही अंशी वायाच जातो, हे मला आधीच कळत असल्यामुळे मीही कमी संयम ठेवते. रेषीय डावपेचांपुरतं (साठा बदलला की उत्सर्जन ठरावीक दराने बदलणाऱ्या डावपेचांपुरतं) बघितलं तर नेहमीच्या वर्गीय मॉडेलमध्ये, म्हणजे फायदा-नुकसान वर्गाच्या सूत्राने मांडणाऱ्या मॉडेलमध्ये, दीर्घकालीन प्रदूषण ओपन लूपपेक्षा जास्त निघतं. म्हणजे समोरच्याची माहिती वाढली आणि तळं अधिक घाण झालं. पुढे वाचताना कळलं, की एंगेलबर्ट डॉकनर आणि न्गो व्हान लाँग यांनी १९९३ मध्ये दाखवलं आहे की अरेषीय डावपेच घेतले आणि भविष्याची पुरेशी कदर असली, तर सहकार्याच्या अगदी जवळ पोचता येतं. एकाच खेळाला अनेक समतोल असतात. कुठला घेतला आणि का, हे लेखात स्वच्छ लिहायचं असतं. तो लेख दुरुस्त करायला मला आठ महिने लागले.

दुसरा धडा गणिताबाहेरून आला. माझ्या मॉडेलमधले कारखाने दर फेरीला ठरवायचे, आज प्रक्रिया करू की नको. सांडपाणी प्रक्रियेचा प्लांट चालवणाऱ्या एका अभियंत्याला मी हे दाखवलं. ते म्हणाले, “आमचे जिवाणू असे चालू-बंद होत नाहीत हो. टाकी मेली की ती पुन्हा धरायला काही आठवडे जातात.” जैविक प्रक्रियेत घाण खाणारे जिवाणू टाकीत वाढवावे लागतात. प्लांट एकदा नीट चालू झाला की मालकाला तो सहज सोडवत नाही, म्हणजे त्याचा पुढचा शब्द जास्त विश्वासाचा ठरतो. हे कुठल्याही प्रमेयात मला सापडलं नसतं. मॉडेल लिहिण्याआधी त्या क्षेत्रात काम करणाऱ्या निदान दोन माणसांशी बोला, आणि बोलताना स्वतःचं मॉडेल समजावत बसू नका. ते दिवसभरात काय बघतात आणि काय ठरवतात, एवढंच विचारा.

तपासणीचा खेळ (एकीकडे कारखाना, दुसरीकडे तपासणारा) प्रत्येकाने एकदा सोडवावा. नियम मोडून कारखान्याचे १० वाचतात आणि पकडला गेला तर दंड ५०. मिश्र समतोलात, म्हणजे दोघंही एकच पक्का निर्णय न घेता ठरावीक शक्यतेने वागतात त्या समतोलात, तपासणीची शक्यता २० टक्के निघते. दंड १०० केला की ती १० टक्क्यांवर येते, पण नियम मोडण्याचं प्रमाण आहे तिथेच राहतं, कारण ते तपासणाऱ्याचा खर्च आणि त्याला चूक पकडून मिळणारा लाभ यांवर ठरतं. हा दंड तपासणाऱ्याच्या लाभात धरलेला नाही, हेही लक्षात ठेवा; तो धरला तर उत्तर बदलतं.

तयारीबद्दल लोक फार विचारतात. इष्टतमीकरण (सर्वांत चांगला पर्याय शोधण्याचं गणित), अवकल समीकरणं, बेलमनचं समीकरण (आजचा निर्णय आणि त्याची पुढची किंमत जोडणारं) आणि संभाव्यता, एवढ्यावर सुरुवात होते. अर्थशास्त्रातली सीमांत खर्चाची, म्हणजे आणखी एका एककाला किती जादा खर्च येतो याची, कल्पना अंगवळणी पडायला हवी. पायथनमध्ये छोटे प्रोग्रॅम लिहिता आले तर हातचं उत्तर पडताळता येतं. डेव्हिड लेव्हारी आणि लिओनार्ड मिरमन यांचं १९८० चं मासेमारीचं मॉडेल पहिल्या सरावासाठी उत्तम आहे. दोन देश, एकच माशांचा साठा, आणि सगळं हाताने सुटतं. सहकार्य नसताना साठा किती खाली स्थिरावतो, ते स्वतः काढून बघा.

आणि एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचं काम आधी वाचा, मी वाचलं तसं पाच वर्षांनी नको. २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. सामाईक साधनं लोक नियम करून शतकानुशतकं सांभाळतात, याचे दाखले त्यांनी जमवले. स्वित्झर्लंडमधल्या टोर्बेल गावाचा १५१७ चा नियम त्यांतलाच: हिवाळ्यात जितक्या गाई स्वतःच्या चाऱ्यावर पोसता येतील, तितक्याच उन्हाळ्यात डोंगरावरच्या सामाईक कुरणात न्यायच्या. मी हा नियम वाचून लगेच वही उघडली. कुरणात किती गवत खाल्लं गेलं हे कुणी मोजत बसणार नाही, पण शेजाऱ्याच्या गोठ्यात हिवाळ्यात किती गाई आहेत ते सगळ्या गावाला दिसतं.