घर, पेढी आणि ट्रस्ट: वारसाहक्काच्या दाव्याआधी मिळकतींची फोड कशी करावी

वडील गेल्यावर घर, भागीदारीतलं दुकान (म्हणजे पेढी) आणि आजोबांच्या नावाने चालणारा ट्रस्ट अशा तिन्हींत हिस्सा हवा म्हणून भावंडं वकिलाकडे येतात. बाहेर कुणीतरी त्यांना सांगितलेलं असतं, ‘आधी सगळ्यावर स्टे आणा, मग बघू.’ हा सल्ला ऐकू नका. मी अनेक वर्षं अशिलांबरोबर बसून हे काम करतो आहे. बहुतेक दावे लिहायला घेण्याआधीच बिघडलेले असतात.

मृत्यूचा दाखला, खरेदीखतं, सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड गोळा करा आणि वारसांची यादी लिहा. मयताची आई हयात असेल तर तिचं नाव हमखास राहतं; हिंदू वारसा कायद्याने ती पत्नी आणि मुलांच्या बरोबरीची वारस आहे. लग्न झालेल्या बहिणींनाही वगळू नका. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क जन्माने येतो, आणि त्यासाठी ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे.

मृत्युपत्र निघालं तर आधी सह्या बघा. दोन साक्षीदार हवेतच, नोंदणी सक्तीची नाही. त्यातला कोण हयात आहे, याची चौकशी आजच करा.

आता खरं अवघड काम. तीन कोरे कागद घ्या: घरचं, पेढीचं, ट्रस्टचं. प्रत्येक मिळकत यांपैकी एकाच कागदावर गेली पाहिजे.

इथे मी स्वतः चुकलो आहे. वकिलीच्या सुरुवातीला एका कुटुंबाचा वाटपाचा दावा लिहिला. गाळ्याचं खरेदीखत वडिलांच्या एकट्याच्या नावावर होतं, म्हणून तो घराशेजारी यादीत घातला. विरुद्ध पक्षातल्या काकांनी, म्हणजे वडिलांच्या भागीदाराने, पेढीचे ताळेबंद हजर केले. गाळा वर्षानुवर्षं पेढीच्या मालमत्तेत दाखवलेला, त्यावर घसारा (वापरामुळे दरवर्षी हिशेबात घटवलेली किंमत) घेतलेला, कर्जाचे हप्ते पेढीच्या खात्यातून गेलेले. भागीदारी कायद्याचं कलम १४ सांगतं की पेढीच्या पैशातून घेतलेली मिळकत, वेगळा इरादा दिसत नसेल तर, पेढीचीच. वारसाला त्या गाळ्याचा तुकडा मागता येत नाही. सगळी देणी भागवून वडिलांच्या खात्यावर जे शिल्लक निघेल तेवढंच त्याचं. आणि आमची हिशेब मागायची मुदत तोवर संपली होती. त्या कुटुंबाचं नुकसान माझ्या एका ओळीने झालं, ते मी विसरलेलो नाही.

मुदतीचा हा मुद्दा नीट समजून घ्या. वाटपाच्या दाव्याला १२ वर्षं मिळतात, तीही आपल्याला डावललं हे कळल्यापासून, हे ऐकून लोक निर्धास्त होतात. पण करारनाम्यात वेगळं ठरलेलं नसेल तर भागीदार वारल्याबरोबर पेढी विसर्जित होते, आणि विसर्जित पेढीचा हिशेब मागायला त्या दिवसापासून फक्त ३ वर्षं. ‘वर्षश्राद्ध होऊ दे, मग बोलू’ म्हणता म्हणता ती निघून जातात. काकांनी हिशेब न मिटवता धंदा पुढे चालू ठेवला असेल तर भागीदारी कायद्याचं कलम ३७ वाचा: वेगळा करार नसेल तर वडिलांच्या हिश्श्यातून झालेला नफा किंवा त्या रकमेवर सालाना ६ टक्के व्याज, यातलं एक निवडायचा हक्क वारसांचा आहे.

फोड करताना खरेदीखतावरचं नाव सगळ्यात शेवटी बघा. आधी विचारा: पैसे कुठून आले? घसारा कुणाच्या पुस्तकात? हप्ते कुणी फेडले? सातबारावरचा फेरफार मालकी देत नाही. तो महसुलासाठी असतो. बँकेतला नॉमिनीसुद्धा मालक नव्हे, पैसे वारसांसाठी स्वीकारणारा माणूस.

ट्रस्टचा कागद बहुधा लहान असतो, पण भांडण सर्वात कडू त्यावरच होतं. सार्वजनिक ट्रस्टची मिळकत कुणाच्याच वाट्याला येत नाही. विश्वस्तपदही आपोआप थोरल्या मुलाकडे जात नाही. ट्रस्टडीडमध्ये किंवा योजनेत नेमणुकीची जी रीत लिहिली असेल ती पाळायची आणि बदल झाल्यापासून ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची लेखी खबर, द्यायची. तिथूनच परिशिष्ट १ चा, म्हणजे ट्रस्टच्या नोंदीचा, उतारा काढा. त्यात जी जागा दिसेल ती घरच्या कागदावरून खोडून टाका, मग तिथे तुमचं बालपण गेलं असलं तरी. खाजगी कौटुंबिक ट्रस्ट असेल तर १८८२ चा भारतीय विश्वस्त कायदा लागतो आणि लाभार्थी म्हणून कुणाची नावं आहेत तेवढंच पाहायचं.

कागद वेगळे झाले की कुठे जायचं ते सोपं. पेढीच्या करारनाम्यात लवादाचं (वाद कोर्टाऐवजी नेमलेल्या पंचाने सोडवण्याचं) कलम असेल तर कोर्ट तुम्हाला तिकडेच पाठवेल. भागीदाराच्या मृत्यूने ते कलम संपत नाही. कलम नसेल, वाद ३ लाख रुपये किंवा त्याहून मोठा व्यावसायिक असेल आणि तातडीचा मनाई हुकूम नको असेल, तर दाव्याआधी मध्यस्थीचा अर्ज सक्तीचा आहे.

करारनामा सापडत नाही म्हणून थांबू नका. पेढी नोंदलेली असेल तर रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडून उतारा मिळतो, त्यात भागीदारांची नावं असतात. मागच्या सगळ्या ताळेबंदांच्या प्रती मात्र पेढीच्या सीएकडे याच आठवड्यात लेखी मागा, आणि मागितल्याची पोच घ्या.