सिंगापुरात भाड्याची गाडी आणि सायकल: घेणं सोपं, परत करणं शिका

सिंगापुरात स्वतःची गाडी घ्यायची तर आधी तिचा १० वर्षांचा परवाना बोली लावून मिळवावा लागतो, आणि अलीकडे छोट्या गाडीसाठीही ही बोली १ लाख सिंगापूर डॉलरच्या वर गेली आहे. त्यामुळे अ‍ॅपवर तासाच्या हिशेबाने मिळणारी गाडी, म्हणजे गेटगोसारखी सेवा, इथे बऱ्याच घरांना पुरते.

नव्याने आलेल्यांना वैध भारतीय लायसन्सवर १२ महिने गाडी चालवता येते. त्यापुढे बेसिक थिअरी टेस्ट देऊन इथलं लायसन्स करून घ्या. वयाच्या आणि अनुभवाच्या अटी प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या, त्या नोंदणीआधीच पाहा.

खर्च तास आणि किलोमीटर, दोन्हींवर चढतो. समजा दर ताशी ८ डॉलर आणि किलोमीटरला ४० सेंट आहे. ४ तासांत ५० किलोमीटर फिरलात तर ३२ अधिक २०, म्हणजे ५२ डॉलर. बाहेरचं पार्किंग आणि ईआरपीचा (काही रस्त्यांवर आपोआप कापला जाणारा) टोल वेगळा. अपघात झाला तर विम्याआधी स्वतःच्या खिशातून किती भरायचं तो आकडा करारात शोधा. तरुण किंवा नवख्या चालकांना तो जास्त असू शकतो.

गाडी हलवण्याआधी चारही बाजूंचे फोटो काढा. चाकांच्या रिम आणि बंपरची खालची कड लोक विसरतात, आणि वाद नेमका तिथल्याच ओरखड्यांवरून होतो. तळघरात फ्लॅश लावा.

गाडी परत त्याच पार्किंगमध्ये, ठरलेल्या जागीच लावायची असते. लाल रेघांच्या जागा मासिक पासवाल्यांच्या; तिथे लावलीत तर दंड तुमच्या नावावर येतो. तुमची जागा कोणी अडवली असेल तर फोटो काढून आधी हेल्पलाइनला फोन करा. तळघरात नेटवर्क गेलं की दारं लॉक होऊनही अ‍ॅपमधली ट्रिप चालूच राहू शकते, म्हणून ‘संपली’ असं दिसेपर्यंत गाडीपासून हलू नका. पुढचा माणूस वाट पाहत असतो, म्हणून बुकिंग सुरुवातीलाच अर्धा तास वाढवून घ्या. आणि सीमेपलीकडे मलेशियातल्या जोहोरला जायचं असेल तर कंपनीची स्पष्ट परवानगी हवी.

सायकलींचं (एनीव्हील, हॅलोराइड) गणित वेगळं. २०१७ मध्ये त्या कुठेही टाकलेल्या दिसायच्या. २०१८ च्या कायद्याने कंपन्यांना परवाना सक्तीचा केला. आता सायकल पिवळ्या चौकटीत किंवा स्टँडवर लावून तिथला क्यूआर कोड स्कॅन करावा लागतो. स्कॅन राहिला तर ५ डॉलर जातात, आणि वारंवार चुकलात तर सगळ्याच कंपन्यांकडून काही काळ बंदी. कोड खरवडलेला असेल तर खटपट करत बसू नका, पुढची चौकट गाठा. फुटपाथवर वेग ताशी १० किलोमीटर, सायकलमार्गावर २५. रस्त्यावर उतरलात तर हेल्मेट सक्तीचं. अ‍ॅपच्या वॉलेटमध्ये मात्र फार पैसे साठवू नका: ओबाइक या सायकल कंपनीने २०१८ मध्ये गाशा गुंडाळला तेव्हा लोकांची ४९ डॉलरची अनामत अडकली.

सहकाऱ्यांना गाडीतून नेऊन खर्च वाटून घेणं चालतं, पण दिवसाला दोनच फेऱ्या, आणि पैसे खर्चापुरतेच.