विंग फॉइलवर वळायला शिकताना

बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर पहिल्यांदा विंग, म्हणजे हातात धरायचं हवेचं शीड, फुगवून उभा राहिलो, तेव्हा फिरायला आलेल्या एका काकांनी विचारलं, "काय रे, पतंग उडवायलास की छत्री वाळवायलास?" मी म्हटलं, "वळायला शिकतोय काका." ते बराच वेळ थांबून बघत राहिले.

विंग फॉइल म्हणजे हातात विंग धरून बोर्डावर उभं राहायचं आणि वाऱ्याच्या जोरावर पळायचं. बोर्डाखाली दांड्याला फॉइल नावाचा पंख असतो, वेग आला की तो बोर्डाला पाण्याच्या वर उचलतो. बेळगावात समुद्र नाही आणि राकसकोप जलाशयाचं पाणी शहर पितं, तिथे असले उद्योग करायचे नाहीत. त्यामुळे सुट्टी मिळाली की चोर्ला घाट उतरून गोव्यातला मोरजी-आश्वेचा किनारा गाठायचा. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते, त्यांचा उपयोग इथे झाला. खारा वारा दुपारी भरतो. पहाटे निघून किनाऱ्यावर ताटकळत बसण्यापेक्षा घरून न्याहारी करून निघावं. फेब्रुवारी ते मे हे दिवस बरे. पावसाळ्यात तिथल्या समुद्राच्या वाटेला जायचं नाही.

सरळ जाणं मला चार-पाच फेऱ्यांत जमलं. वळताना मात्र दर वेळी पाण्यात. वाऱ्याकडे पाठ ठेवून वळण्याला जाइब म्हणतात. त्यात हात, वळण आणि पाय अशी तीन कामं येतात आणि मी तिन्ही एकदम करायला जात होतो.

हातांचं काम जमिनीवरच शिका. विंग डोक्यावर घ्यायची, मागचा हात सोडून पुढच्या हँडलला लावायचा, मग तिथला जुना हात सोडून नव्या बाजूचं मागचं हँडल धरायचं. ऐकायला सोपं आहे. मैदानाच्या कडेला झाडांमुळे वारा तुटक येतो, विंग कधी हलकी पडते तर कधी खेचते, पण सरावाला ते उलट चांगलंच. हाताकडे न बघता अदलाबदल व्हायला लागेपर्यंत बोर्डावर तिचा विचारही करू नका.

आता वळण. खरी गंमत इथे आहे. पाण्याखालचा फॉइल विमानाच्या पंखासारखा उचल देतो आणि ती उचल वेगाच्या वर्गाने वाढते. वेग दीडपट झाला तर उचल सव्वादोनपट. म्हणून वारा वाहतो त्या दिशेने वळायला लागून वेग वाढला की बोर्ड अंगावर आल्यासारखा वर चढतो. तिथे पुढच्या पायावर वजन टाकायचं. मी घाबरून मागे झुकायचो. मग फॉइल पाण्याबाहेर यायचा, उचल एकदम संपायची आणि मी तोंडावर. पुढे बोर्ड कलला की उचलीचा काही भाग वळवण्यात खर्च होतो आणि उंची घटते. म्हणून वळणात शिरतानाच थोडी उंची हाताशी हवी. वेग कमी करून सावधपणे वळू, हा माझा बेत तर सगळ्यात वाईट ठरला. वळण बिघडायचं ते शिरतानाच, मी मात्र चूक शेवटी शोधत बसायचो.

वारा पाठीशी आला की विंग एकदम पोकळ वाटते, कारण तुम्ही वाऱ्याबरोबर पळत असता. त्याला भ्यायचं नाही. विंग वर धरा, गुडघे वाकवा, बोटांकडे हलका दाब द्या आणि जिथे जायचंय तिकडे बघा. पायाकडे बघितलं की गेलात. वळण मोठं घ्या, एसटी घाटात घेते तसं.

पाय शेवटी. सुरुवातीला ते बदलूच नका. वळल्यावर तोंड वाऱ्याकडे येतं आणि कंबर पिळवटते, तसंच पुढे जा. मग बोर्ड पाण्यावर टेकवून पाय बदला. फॉइलवर राहून बदलायचा हट्ट नंतर.

सामानाचं थोडक्यात: शिकताना बोर्ड तुमच्या वजनाच्या किलोंपेक्षा वीस-तीस लिटर मोठा आणि फॉइलचा पुढचा पंख मोठा, मंद चालणारा घ्या. हेल्मेट आणि जाकीट घातल्याशिवाय उतरायचं नाही. पडताना बोर्डापासून लांब पडा. फॉइलची कड नडगीला लागली की काय होतं, हे माझ्या नडगीवर लिहिलेलं आहे.

डावा पाय पुढे असताना आता दहांत सहा-सात जाइब निघतात. उजव्या पायाचं विचारू नका. आणि वाऱ्याच्या तोंडावरून वळायचं ते टॅक, त्याला मी अजून हात घातलेला नाही. काका मात्र परवा विचारत होते, "वळलास की नाही रे?"